स्लॅबखाली मार्टिनची घरटी आणि दिवाळीआधी रंगकाम: काय करावं, केव्हा करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातली चार मजली जुनी सोसायटी. जिन्याच्या खिडकीवरच्या छज्जाखाली दोन आणि बाल्कन्यांच्या स्लॅबखाली दोन अशी मातीची चार घरटी आहेत. पक्षी काळपट तपकिरी, चिमणीएवढे. हे मार्टिन, म्हणजे भिंगरीच्या कुळातले, उडते किडे टिपणारे पक्षी. दिवाळीआधी इमारत बाहेरून रंगवायची ठरली असून ठेकेदार ऑगस्टअखेर परांची बांधणार आहे. काही रहिवासी विष्ठेला कंटाळलेत, काहींना घरटी राहावीत असं वाटतं. एकाने इंटरनेटवर लाकडी ‘मार्टिन हाउस’ पाहिलं. ते गच्चीवर लावून पक्षी तिकडे हलवता येतील का, असं सचिवांनी विचारलंय.

गच्चीवरच्या घराचा विषय आधी संपवतो, कारण त्यावर पैसे खर्च होतील आणि पक्ष्यांना त्याचा काही उपयोग होणार नाही. ती घरं पर्पल मार्टिनसाठी असतात. हा पक्षी उत्तर अमेरिकेत वीण करतो आणि हिवाळा दक्षिण अमेरिकेत काढतो. तो मुळात ढोलीत राहणारा. रॉकी पर्वताच्या पूर्वेला तर तो जवळपास पूर्णपणे माणसांनी टांगलेल्या पोकळ भोपळ्यांवर आणि खणाखणांच्या घरांवर अवलंबून आहे. तुमचा पक्षी भोकात शिरत नाही. त्याला उभी भिंत, डोक्यावर छत आणि समोर मोकळी हवा लागते. मूळचा तो कड्याकपारीतला, आणि आपल्या स्लॅबच्या इमारती त्याला कड्यासारख्याच सोयीच्या पडतात. गच्चीवर लाकडी घर लावलंत तर फार तर मैना किंवा चिमण्या राहायला येतील. मार्टिन छज्जाखालीच राहतील.

म्हणजे पक्षी हलणार नाहीत, हे धरून चालायचं. हलवता येतं ते रंगकामाचं वेळापत्रक. त्यासाठी दोन गोष्टी नक्की करा: पक्षी कोणता आहे आणि घरट्यात आत्ता काय चाललंय. बाकीचं सगळं यावरून ठरतं.

वर्णनावरून हे डस्की क्रॅग मार्टिन दिसतात. खात्री करायची तर या खुणा बघा. सगळं अंग काजळी-तपकिरी असतं, कमरेवर पांढरा पट्टा नसतो आणि शेपूट जवळजवळ सरळ कापल्यासारखं असतं. पक्षी वळताना शेपूट पसरतो तेव्हा त्यात पांढऱ्या ठिपक्यांची ओळ दिसते. घरटं म्हणजे भिंतीला चिकटवलेली, वरून उघडी, चिखलाच्या गोळ्यांची अर्धी वाटी. आत वाळलं गवत आणि पिसं. आपल्याकडे यांनाही सर्रास पाकोळी म्हणतात, पण खरी पाकोळी, म्हणजे हाउस स्विफ्ट, वेगळी. तिच्या कमरेवर ठळक पांढरा पट्टा असतो, ती कधी तारेवर बसत नाही, आणि तिची घरटी पिसं-काड्या लाळेनं चिकटवलेली, एकाला एक खेटलेली गबाळी ढेकळं असतात. लाल कमरेच्या भिंगरीचं घरटं मातीचंच, पण छताला चिकटून त्याला नळीसारखं लांब तोंड असतं. तारवाली भिंगरी उघडी वाटी बांधते, पण तिचं पोट पांढरं शुभ्र आणि डोकं तांबूस असतं. ती बहुधा पाण्यावर, पुलाखाली किंवा मोरीखाली सापडते. कन्हान किंवा वैनगंगेसारख्या नद्यांच्या दरडीत बिळं करून राहणारे छोटे मार्टिन ही आणखी निराळी जात. इमारतीशी त्यांचं काही देणंघेणं नाही. त्यांचा जीव वाळूउपशात आणि दरडी कापण्यात जातो.

एक समज आधीच दूर करतो. ‘थंडीत हे पक्षी निघून जातील, मग घरटी काढू’ असं सोसायटीच्या बैठकीत कुणीतरी म्हणणारच. हिवाळ्यात विजेच्या तारांवर रांगेनं बसणाऱ्या, लांब दुभंगलेल्या शेपटीच्या भिंगऱ्या उत्तरेकडून येतात आणि उन्हाळा लागला की परत जातात. डस्की क्रॅग मार्टिन मात्र बारमाही इथला. कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं तेही दख्खनमधल्या पक्ष्यांवरून. अन्नासाठी ते आसपास थोडेफार सरकतात, पण जागा सोडत नाहीत. वीण नसतानाही रात्री त्याच छज्जाखाली झोपायला येतात आणि तेच घरटं डागडुजी करून पुढच्या वेळी वापरतात. एका घरट्याला चिखलाच्या शेकडो गोळ्या लागतात, आणि प्रत्येक गोळी चोचीतून आणावी लागते. म्हणून रिकामं दिसणारं घरटं टाकून दिलेलं असतं असं समजू नका.

आता घरट्यात काय चाललंय ते कसं ओळखायचं. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान, घरट्यापासून दहा-बारा मीटरवर, एका जागी अर्धा-पाऊण तास बसा. चारही घरट्यांसाठी वेगळी नोंद ठेवा, कारण चारही एकाच टप्प्यावर असतील असं नाही. चोचीत चिखल येत असेल तर बांधकाम किंवा दुरुस्ती चालू आहे. एक पक्षी आत बराच वेळ बसून आहे आणि दुसरा आला की तो उठतो, असं दिसलं तर अंडी आहेत, दोघंही उबवतात. दर काही मिनिटांनी पक्षी येतोय, क्षणभर काठावर टेकून लगेच जातोय, कधी चोचीत पांढरी पुरचुंडी घेऊन बाहेर पडतोय, तर पिल्लं आहेत. ती पुरचुंडी म्हणजे लहान पिल्लांची विष्ठा. पिल्लं मोठी झाली की ती स्वतःच काठाबाहेर शेपूट करून टाकतात, आणि खालचा त्रास खरा तेव्हा सुरू होतो. थोडक्यात, ‘फार घाण होतेय’ ही तक्रार वाढली की पिल्लं उडायला थोडेच दिवस उरलेत असं समजावं.

अंदाज बसला नाही तर लांब काठीला फोन बांधून, दोन्ही पक्षी बाहेर असताना, एकदाच फोटो घ्या. डोळे उघडलेली, पिसं आलेली पिल्लं दिसली तर पुन्हा काठी नेऊ नका. या वयाची पिल्लं घाबरून वेळेआधी उडी मारतात आणि खाली पडतात.

वेळेचं गणित असं मांडा. अंडी साधारण तीन, कधी दोन किंवा चार. रोज एक घातलं जातं. जवळच्या नात्यातल्या जातींवरून हिशेब केला तर उबवायला १६ ते १९ दिवस आणि पिल्लं उडायला आणखी २२ ते २४ दिवस. उडाल्यावरही पिल्लं काही रात्री घरट्यात झोपायला परततात, त्यासाठी वर आठवडा धरा. उदाहरणार्थ, २० ऑगस्टला पक्षी अंड्यांवर बसलेला दिसला आणि तो कधीपासून बसलाय हे ठाऊक नाही. मग अगदी मागच्या टोकाचा हिशेब करायचा: ४३ दिवस म्हणजे २ ऑक्टोबर, अधिक आठवडा म्हणजे ९ ऑक्टोबर. तोवर त्या घरट्याभोवती हात लावायचा नाही.

इथे एक अडचण आहे. हे पक्षी वर्षातून अनेकदा दोनदा वीण करतात. पावसाळ्यात नागपुरात चिखल भरपूर आणि उडते किडेही भरपूर. पहिल्या पावसानंतर उधईचे पंखवाले किडे निघतात तेव्हापासून त्यांची चंगळ असते. त्यामुळे पहिली पिल्लं उडाल्यावर त्याच घरट्यात लगेच दुसरी अंडी पडू शकतात. असं झालं तर त्या कोपऱ्याचं काम नोव्हेंबरअखेर जाईल. मधल्या दोन-चार दिवसांत घाईनं काम उरकण्याचा सल्ला मी देणार नाही. ताज्या रंगाचा वास, परांची आणि माणसांची वर्दळ यांत पक्षी अंडी सोडून देतात. नागपुरात अशा कोपऱ्याच्या कामाला सर्वांत निर्धोक काळ नोव्हेंबरअखेर ते जानेवारी. पाऊस संपलेला, रंगही नीट वाळतो.

म्हणजे दिवाळीआधी रंगकाम होणारच नाही का? होईल. संपूर्ण इमारत थांबवायची गरज नाही. प्रत्येक घरट्याभोवती दोन्ही बाजूंना आणि खाली एक-एक मीटर एवढा तुकडा सोडा आणि बाकी सगळं रंगवा. चार घरट्यांचे मिळून चार छोटे चौकोन उरतील, तेही छताखाली, सहसा नजरेत न येणारे. ठेकेदाराकडून त्या चौकोनांसाठीचा रंग त्याच बॅचचा वेगळा काढून, डबा घट्ट बंद करून ठेवा, नाहीतर नंतर छटा जुळत नाही. शिडी लावून एक माणूस एका दिवसात ते काम करेल. फक्त हा एक दिवस करारातच लिहून घ्या. नंतर परत बोलावलं तर ठेकेदार वेगळे पैसे मागतो, आणि मग ‘आत्ताच उरकून टाका’ असा दबाव येतो.

रंगापेक्षा रंगाआधीच्या कामात घरटी जास्त जातात, म्हणून यावर जरा सविस्तर. पहिला धोका पाण्याच्या जोरदार फवाऱ्याचा. भिंत धुताना मातीचं घरटं दोन सेकंदांत विरघळतं. घरट्याच्या वरच्या मजल्याची भिंतसुद्धा फवाऱ्यानं धुऊ नका. पाणी ओघळून छज्जाच्या कडेनं आत येतं आणि घरट्याचा भिंतीशी असलेला जोड भिजतो. तिथे तारेचा ब्रश आणि ओलं फडकं वापरा. दुसरा धोका सुटलेलं प्लास्टर फोडण्याचा. हातोडी-छिन्नीचे हादरे त्याच बीममधून घरट्यापर्यंत पोचतात. अंडी-पिल्लं असताना त्या बीमवर किंवा त्या स्लॅबवर फोडाफोडी नको.

तिसरा धोका सर्वांत मोठा, आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही: परांचीवर टाकतात ती हिरवी जाळी. जाळी वरपासून खालपर्यंत ताणली की घरटं आत आणि आई-बाप बाहेर. घरट्याला कुणी हात लावलेला नसतो, तरी पिल्लं उपाशी मरतात. घरट्याच्या समोर जाळीला किमान दीड मीटर रुंद, दीड मीटर उंच खिडकी कापा आणि तिच्या कडा दोरीनं परांचीला बांधून घ्या. फडफडणाऱ्या कडांना पक्षी बुजतात. त्या खिडकीसमोर आडवे बांबू येऊ देऊ नका. मार्टिन सरळ झेपावत येतो आणि शेवटच्या क्षणी वर उचलून काठावर टेकतो. त्या वाटेत बांबू असला की घिरट्या घालत राहतो. खिडकी केल्यावर तासभर लक्ष ठेवा. पक्षी आत-बाहेर करत नसतील तर जाळी आणखी बाजूला घ्या. संध्याकाळपर्यंत वाट पाहत बसू नका.

कबुतरांसाठी बाल्कनीला लावतात त्या जाळीचाही असाच घोळ आहे. तिची भोकं मोठी असतात, मार्टिन पंख मिटून आत शिरतो आणि बाहेर पडताना अडकतो. घरटं असलेल्या बाल्कनीला जाळी बसवायचीच असेल तर वरचा फूट-दीड फूट भाग उघडा सोडा.

कायद्याचंही सांगतो, कारण बैठकीत ते उपयोगी पडतं. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी खराब करणं आणि त्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना धक्का लावणं येतं. ‘आपल्या भिंतीवर आहे म्हणजे आपलंच’ हा युक्तिवाद टिकत नाही. शंका असेल तर काम सुरू होण्याआधी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर विचारून घ्या.

विष्ठेबद्दल रहिवाशांची तक्रार खरी आहे आणि तिची सोय करायलाच हवी, नाहीतर घरटी एखाद्या दुपारी झाडूच्या दांड्यानं जातील. जिन्याच्या खिडकीबाहेर ३० सेंटिमीटर रुंद, ६० सेंटिमीटर लांब फळी किंवा पत्रा आडवा बसवा. तो घरट्याच्या लगेच खाली नको. जवळ लावला की त्यावर कावळा बसतो, मांजरही येतं, आणि त्यांना घरट्याचा काठ आयता मिळतो. किमान दीड मीटर, जमलं तर दोन मीटर खाली हवा. बाल्कनीत एवढी उंची नसते, तिथे जमिनीवर रुंद ट्रे ठेवून त्यात वर्तमानपत्र अंथरा आणि तीन-चार दिवसांनी कागद गुंडाळून फेका. कपडे वाळवायची दोरी महिनाभर हातभर बाजूला सरकवून ठेवा. वाळलेली विष्ठा कोरड्या झाडूनं कधी झाडू नका, धूळ नाकात जाते. साबणाचं पाणी शिंपडून दहा मिनिटं भिजू द्या, मास्क लावून पुसून घ्या. आणि घरट्याच्या आसपास किडे मारायचा फवारा अजिबात नको. घरट्यात बारीक गोचिडीसारखे जीव असतात हे खरं, पण ते पक्ष्यांवर जगतात. फवाऱ्यानं आधी पिल्लं मरतील.

काम चालू असताना पिल्लू पडलं तर काय? आधी ते पाहा: उघडं किंवा अर्धवट पिसांचं असेल तर उचलून परत घरट्यात ठेवा. माणसाचा वास लागला की आई घेत नाही ही समजूत खोटी आहे. घरटंच पडलं असेल तर करवंटी किंवा प्लास्टिकची पसरट वाटी घ्या, तळाला चार-पाच भोकं पाडा, पडलेल्या घरट्यातलंच गवत-पिसं आत घाला आणि जुन्या डागाच्या जागीच, छतापासून सहा-सात सेंटिमीटर मोकळी जागा ठेवून, तारेनं किंवा पट्टीनं बसवा. मग सगळ्यांनी तिथून निघून जायचं आणि आतून, पडद्याआडून बघायचं. दोन तासांत आई-बाप खायला घालू लागले तर काम झालं. नाही आले, किंवा पिल्लू जखमी असेल, तर सेमिनरी हिल्सवरच्या वन विभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरकडे न्या. नेताना भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा डबा आणि आत मऊ कापड पुरे. दूध, पोळी, भात, चोचीत पाण्याचे थेंब, यातलं काहीही नको. हे पक्षी फक्त उडते किडे खातात, आणि चोचीत घातलेलं पाणी सरळ श्वासनळीत जातं. पूर्ण पिसांचं पिल्लू कठड्यावर नुसतं बसलेलं असेल तर ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. मांजर बाजूला करा, बस.

आता घरटी रिकामी झाल्यावरचं. जिथे प्लास्टर ठीक आहे तिथे जुनं घरटं तसंच ठेवून भोवती रंगवा, ब्रशनं, स्प्रेनं नव्हे. प्लास्टर खरंच काढावं लागणार असेल तर दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ पाहून रिकामं असल्याची खात्री करा आणि मग काढा. दुरुस्तीनंतर तिथे नवा गुळगुळीत, पाणीरोधक रंग लावला तर चिखल धरत नाही. पक्षी बांधत राहतात आणि घरटं दर वेळी अर्ध्यावर सुटून पडतं. म्हणून छताखाली एक फूट बाय एक फूट तुकडा खरखरीत, बिनरंगाचा सोडा. किंवा छतापासून बारा सेंटिमीटर खाली, पाच सेंटिमीटर रुंद, रंधा न मारलेली लाकडी पट्टी दोन स्क्रूंनी ठोका. त्यांना एवढा आधार पुरतो. कुंभाराकडून मातीची वाटी करून घ्यायची असेल तर व्यास बारा-तेरा सेंटिमीटर, खोली चार-पाच, आतून खडबडीत आणि मागची बाजू सपाट, भिंतीला टेकणारी. सिमेंटची नको, नागपूरच्या मे महिन्यात ती तापते.

एखादी जागा खरंच अडचणीची असते, जसं मीटरच्या पेटीवर किंवा दाराच्या थेट डोक्यावर. तिथे घरटं होऊ द्यायचं नसेल तर ते सुरू होण्याआधी, जानेवारीत, भिंत आणि छत यांच्या कोपऱ्यात गुळगुळीत पत्रा तिरका बसवा, म्हणजे कोपराच उरत नाही. चार फूट बाजूला खरखरीत जागा किंवा पट्टी ठेवा. चिखलाची अर्धी वाटी झाल्यावर मात्र हा उपाय करू नका.

वसाहत वाढावी असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी चिखलाबद्दल दोन शब्द. फेब्रुवारी ते जूनपर्यंत नागपुरात ओला चिखल मिळणं कठीण. पक्षी कूलरच्या ओघळाखालून, बांधकामाच्या डबक्यातून गोळ्या उचलतात. गच्चीवर दोन-तीन फुटांचा पसरट ट्रे ठेवा. नुसती काळी माती घालू नका, ती सुकताना आकसून तडकते. दोन भाग काळी माती, एक भाग बारीक वाळू आणि मूठभर बारीक चिरलेलं वाळलं गवत, हे मिश्रण लोण्याइतकं मऊ राहील एवढं पाणी रोज सकाळी आणि दुपारी शिंपडा. ट्रे उघड्यावर, कठड्यापासून दूर ठेवा, म्हणजे मांजर येताना त्यांना दिसेल. जवळच्या बांधकामावरची सिमेंट कालवलेली ओली वाळू उघडी राहत असेल तर ती झाकायला सांगा.

आणि जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात, गच्ची, झाडं आणि डिशच्या तारांवर अडकलेला मांजा काढून टाका. नायलॉन मांजावर बंदी आहे तरी तो येतोच, आणि भिंतीला समांतर वेगानं उडणाऱ्या या पक्ष्यांना तो दिसत नाही. काढलेला मांजा तसाच कचऱ्यात टाकू नका. कात्रीनं वीतभराचे तुकडे करा, पिशवीत बांधा आणि मग टाका.